अपडेटनंतर पुन्हा चुकीचाच कर्नल सुरू होतो: ग्रबच्या मेनूत हवा तो कर्नल टिकवायचा कसा

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; मशीन सुरू होताना कुठला कर्नल चालवायचा ते ग्रब हा छोटा प्रोग्राम ठरवतो. तक्रार बहुतेक वेळा अशीच असते: "जुना कर्नल नीट चालत होता, मेनूत तोच डिफॉल्ट करून ठेवला होता, अपडेट झालं आणि पुन्हा नवाच सुरू झाला." मग सेटिंग परत बदलायची, काही दिवस बरे जातात, पुढचं अपडेट येतं आणि ये रे माझ्या मागल्या. यात मशीन बिघडलेलं नसतं आणि ग्रबही आपलं काम चोख करत असतो. आपण त्याला कर्नल ज्या पद्धतीने दाखवला, ती पद्धतच टिकणारी नसते.

उदाहरणासाठी लिनक्सची उबंटू २२.०४ ही आवृत्ती घेऊ. एप्रिल २०२२ मध्ये ती आली तेव्हा तिचा मूळ कर्नल ५.१५ होता. डेस्कटॉपवर मात्र नव्या हार्डवेअरसाठीची, एचडब्ल्यूई नावाची कर्नलमालिका मिळते. तिच्यातून ५.१९, ६.२, ६.५ आणि २०२४ मध्ये ६.८ असे कर्नल आपोआप येत गेले. अशा प्रत्येक उडीला कोणाचं ना कोणाचं काहीतरी बिनसतं. वायफायचा वेगळा बसवलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयारच होत नाही, लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की स्क्रीन काळीच राहते, एनव्हिडियाचं मॉड्यूल लोड होत नाही. अशा वेळी जुन्या कर्नलवर परत जाणं अगदी रास्त आहे. लिनक्स एकाहून जास्त कर्नल ठेवतं ते याचसाठी.

खाली कमांड, फाइलींची नावं आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. ग्रब_डिफॉल्टसारखी सेटिंगची नावं सगळी कॅपिटलमध्ये, बाकीचं स्मॉलमध्ये. माझ्या उदाहरणातले कर्नलचे आकडे तुमच्याकडे वेगळे असतील, ते आपापले घ्या.

आकडा का घसरतो

आधी मेनू डोळ्यांनी बघा. मशीनवर एकटी उबंटू असेल तर तो लपवलेला असतो. चालू करताना कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदाच दाबा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर "ग्रब>" असा काळा प्रॉम्प्ट समोर येतो. घाबरायचं कारण नाही. तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर द्या आणि लगेच एकदा एस्केप दाबा, मेनू परत येतो. दरवेळी ही कसरत नको असेल तर /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू आणि ग्रब_टाइमआउट=५ असं लिहून ठेवा. कर्नलची अडचण सुटेपर्यंत मेनू दिसत राहिलेला बरा.

मेनूतली पहिली ओळ 'उबंटू' अशी असते आणि दुसरी 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू'. पहिली ओळ कुठल्या एका कर्नलला बांधलेली नसते, तिचा रोख नेहमी सगळ्यात नव्या कर्नलवर असतो. दुसरी ओळ म्हणजे सबमेनू, आणि सगळे कर्नल त्याच्या आत असतात. ग्रब शून्यापासून मोजतो, म्हणजे सबमेनूचा क्रमांक १. समजा आत असं आहे:

० — ६.८.०-४०
१ — तोच, रिकव्हरी मोड
२ — ५.१५.०-११९
३ — तोच, रिकव्हरी मोड

५.१५ हवा म्हणून बहुतेक जण त्याच /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलीत ग्रब_डिफॉल्ट="१>२" असं लिहितात. आजच्या घडीला ते बरोबर आहे. उद्या ६.८.०-४५ येतो. कर्नलचं पॅकेज बसलं की अपडेट-ग्रब आपोआप चालतं, मेनूची फाइल नव्याने लिहिली जाते आणि आवृत्ती बघून सगळ्यात नवा कर्नल वर ठेवला जातो. आता ० आणि १ वर ६.८.०-४५, २ आणि ३ वर ६.८.०-४०, आणि आपला ५.१५ थेट ४ वर. सेटिंगमध्ये अजून "१>२"च आहे, त्यामुळे सुरू होतो ६.८.०-४०. रेशनच्या रांगेत पुढे दोन माणसं शिरली की 'तिसऱ्या माणसाला बोलवा' या सांगण्याला काही अर्थ उरत नाही, तसंच हे. उलटही होतं: जुने कर्नल साफ केले की आकडे वर सरकतात.

आकड्याऐवजी आयडी द्या

मेनूतल्या प्रत्येक नोंदीला एक आयडी असतो आणि त्यात कर्नलची आवृत्ती लिहिलेली असते. तो बघायला ही कमांड:

सुडो ग्रेप -ई मेनूएंट्री -ई सबमेनू /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

ओळी लांबलचक येतात. आपल्याला हवा तो प्रत्येक ओळीच्या शेवटाकडचा, एकेरी अवतरणातला तुकडा. सबमेनूच्या ओळीत तो 'जीएनयूलिनक्स-अ‍ॅडव्हान्स्ड-' असा सुरू होऊन पुढे डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा लांबलचक ओळखक्रमांक, असतो. कर्नलच्या ओळीत 'जीएनयूलिनक्स-५.१५.०-११९-जेनेरिक-अ‍ॅडव्हान्स्ड-' आणि पुढे तोच यूयूआयडी. 'रिकव्हरी' असलेली ओळ चुकून उचलू नका.

हे दोन तुकडे मध्ये फक्त > घालून जोडा, कुठेही मोकळी जागा सोडू नका, आणि अख्खी ओळ दुहेरी अवतरणात ग्रब_डिफॉल्टला द्या. अवतरणचिन्हं इथे अत्यावश्यक आहेत. ही फाइल शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, वाचतं. चिन्हं नसली तर शेलला > म्हणजे 'पुढच्या नावाच्या फाइलीत लिही' असं वाटतं. मग दुसरा तुकडा ग्रबपर्यंत पोचतच नाही आणि त्या नावाची एक रिकामी फाइल भलतीकडेच तयार होते. नंतर सुडो अपडेट-ग्रब, रीस्टार्ट, आणि आल्या आल्या यूनेम -आर (चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारी कमांड). उत्तरात ५.१५ दिसला तर झालं.

नोंदीचं दिसणारं नाव देऊनही काम भागतं, पण मी ते सुचवणार नाही. सिस्टमची भाषा बदलली की ती नावं बदलू शकतात, आयडी बदलत नाही.

दिसला नाही तर तीन जागा तपासा. पहिली, /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब.डी हे फोल्डर. त्यातल्या .सीएफजी फाइली मुख्य फाइलीनंतर वाचल्या जातात, त्यामुळे त्यांतली ग्रब_डिफॉल्टची ओळ आपल्या ओळीवर मात करते. क्लाउडवरच्या सर्व्हरवर या फोल्डरात बहुधा आधीपासूनच फाइली असतात. दुसरी, अपडेट-ग्रब चालवायचं राहून गेलं का. तिसरी, आयडीत एखादं अक्षर राहिलं का. आयडी जुळला नाही तर ग्रब सहसा थांबून विचारत बसत नाही, पहिली ओळ धरून पुढे जातो. यामुळेच ही चूक सापडायला वेळ लागतो. आणि /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी या फाइलीत हाताने काही बदलू नका. पुढच्या अपडेटला ते सगळं पुसलं जातं.

आयडी दिला तरी कर्नल मशीनवर असायला हवा. उबंटूत पॅकेजं बसवणाऱ्या एपीटीची, नको असलेली पॅकेजं काढणारी ऑटोरिमूव्ह ही कमांड सध्या चालू असलेला कर्नल राखते, पण तुम्ही चार दिवस ६.८ वर काम करत असताना ती चालली तर जुना ५.१५ जाऊ शकतो. म्हणून तो कर्नल हाताने बसवल्याची खूण करून ठेवा:

सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल लिनक्स-इमेज-५.१५.०-११९-जेनेरिक

हीच खूण त्याच आवृत्तीच्या लिनक्स-मॉड्यूल्स आणि लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा या पॅकेजांवरही करा. एक्स्ट्रा गेलं तर कर्नल सुरू होईल, पण वायफाय किंवा आवाज गायब असेल आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जाईल.

शेवटी निवडलेला कर्नल लक्षात ठेवायला सांगणं

दुसरी पद्धत ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड. सोबत ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू लिहिलं की मेनूतून जे निवडाल तेच पुढच्या वेळी डिफॉल्ट होतं. दुसरी ओळ न लिहिता ग्रब-सेट-डिफॉल्ट या कमांडला आयडी देऊनही निवड नोंदवता येते. ही नोंद /बूट/ग्रब/ग्रबईएनव्ही या १०२४ बाइटच्या छोट्या फाइलीत राहते, आणि ग्रब-एडिटईएनव्ही लिस्ट ही कमांड ती दाखवते.

याच पद्धतीतली ग्रब-रीबूट मला फार मोलाची वाटते. तिला आयडी दिला की फक्त पुढच्या एका वेळेपुरता तो कर्नल सुरू होतो, त्यानंतर पुन्हा नेहमीचा. दुसऱ्या गावातल्या सर्व्हरवर नवा कर्नल तपासायचा असेल तर हीच वाट धरा. नवा कर्नल अडकला तर तिथल्या माणसाला 'बटण दाबून बंद करा, परत चालू करा' एवढंच सांगावं लागतं.

मात्र एक मोठी अडचण आहे. मशीन सुरू होताना ग्रब फाइली वाचू शकतो, पण लिहायचं म्हटलं तर त्याचे हात बांधलेले असतात. /बूट, म्हणजे कर्नल जिथे राहतात ते फोल्डर, साध्या एक्स्ट४ पार्टिशनवर असेल तर तो ग्रबईएनव्हीमध्ये लिहितो; एलव्हीएम, रेड, बीटीआरएफएस किंवा झेडएफएस अशा डिस्क मांडण्याच्या वेगळ्या पद्धतींवर असेल तर त्याला लिहिता येत नाही. मग मेनूतली निवड लक्षात राहत नाही, आणि एकदाच म्हणून सांगितलेला ग्रब-रीबूटचा कर्नल दरवेळी सुरू होत राहतो, कारण वापरून झालेली नोंद ग्रबला पुसता येत नाही. सुरू होताना 'डिस्कफिल्टर राइट्स आर नॉट सपोर्टेड' असा संदेश दिसत असेल तर कारण हेच. फाइंडमाउंट (टाइप करताना फाइंडएमएनटी) /बूट ही कमांड द्या. काही छापून आलं नाही तर फाइंडमाउंट / बघा. वरच्यापैकी काही निघालं तर मेनूतून लक्षात ठेवण्याचा नाद सोडा आणि आयडीच लिहा. चालू सिस्टममधून दिलेली ग्रब-सेट-डिफॉल्ट तिथेही चालते, कारण ते लिखाण लिनक्स करतं.

वीज जाण्याशी जोडलेली एक तक्रारही इथेच उलगडते. मशीन सुरू होत असताना मध्येच वीज गेली की उबंटूच्या ग्रबमध्ये रेकॉर्डफेल ही खूण राहते, आणि पुढच्या वेळी मेनू ३० सेकंद थांबतो. 'मेनू आपोआप का दिसायला लागला' याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. एकदा नीट सुरू झालं की खूण जाते. हा वेळ ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट लिहून कमी करता येतो.

कायमचा इलाज पॅकेजमध्ये आहे

आयडीने कर्नल टिकतो, पण तो त्याच एका आवृत्तीवर गोठतो. ५.१५.०-११९ नंतर त्याच मालिकेत सुरक्षेच्या दुरुस्त्या असलेले पुढचे कर्नल येतात आणि आपलं मशीन ११९ वरच बसून राहतं. महिना-दोन महिने ठीक आहे. इंटरनेटला जोडलेलं मशीन वर्षभर असं ठेवणं मला पटत नाही.

६.८ नकोच आहे हे नक्की असेल तर मेनूशी झगडण्यापेक्षा तो येण्याचं दारच बंद करा. उबंटू २२.०४ च्या मूळ ५.१५ मालिकेला २०२७ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या आहेत, म्हणजे तिच्यावर राहणं हा तात्पुरता आडोसा नाही. आधी ५.१५ मध्ये बूट करा आणि यूनेम -आर ने खात्री करा. चालू कर्नल काढणं धोक्याचं आहे. मग लिनक्स-जेनेरिक हे पॅकेज बसवा. त्यानंतर लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४ आणि त्याच शेपटाची लिनक्स-इमेज व लिनक्स-हेडर्सची पॅकेजं काढा. या पॅकेजांत कर्नल नसतो, 'या मालिकेतला नवा आला की आण' एवढा निरोप असतो. शेवटी ६.८ चे बसलेले कर्नल काढा आणि ग्रब_डिफॉल्ट=० करा. आता मशीनवर सगळ्यात नवा कर्नल ५.१५ चाच, त्यामुळे पहिली ओळ त्यावरच जाते, आणि मालिकेतल्या दुरुस्त्याही येत राहतात.

लॅपटॉप ५.१५ पेक्षा नव्या हार्डवेअरचा असेल, म्हणजे जुन्या कर्नलवर टचपॅड किंवा ग्राफिक्स चालतच नसेल, तर हा मार्ग तुमचा नाही. तिथे त्रास देणाऱ्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधणं हाच उपाय, आणि तोवर आयडी.

एपीटी-मार्क होल्ड लावून कर्नलची अपडेटं थांबवण्याचा सल्लाही बरेच जण देतात. चालतो, पण होल्ड लावलेलं लक्षात राहत नाही आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याबरोबर अडतात. लावलाच तर एपीटी-मार्क शोहोल्ड अधूनमधून बघत जा.

नोंद आहे, पण निवडली की अडकतं

'कर्नल पॅनिक' आणि त्याबरोबर 'अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' असं दिसलं तर डिस्क गेली असं समजू नका. बहुतेक वेळा त्या कर्नलची इनिटआरडी फाइल (डिस्क वाचायला लागणारे ड्रायव्हर असलेली) तयार झालेली नसते, आणि त्यामागे /बूट भरलेलं असतं. /बूट वेगळ्या पार्टिशनवर ठेवलेलं असेल, विशेषतः डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर ते पार्टिशन लहान असतं. दोन-चार कर्नल साठले की जागा संपते, नवा कर्नल कॉपी होतो आणि इनिटआरडी अर्धवट राहते.

मेनूतून जुना कर्नल निवडून आत या. डीएफ -एच /बूट ने जागा बघा. डीपीकेजी -एल ला ग्रेप लावून लिनक्स-इमेजची यादी काढा. चालू असलेला आणि एक खात्रीचा सोडून जुन्यातला जुना एपीटी पर्जने काढा. एपीटी अवलंबित्वाच्या कारणावरून अडून बसलं तर त्या जुन्या कर्नलची इनिटआरडी फाइल तात्पुरती होम फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे श्वास घेण्यापुरती जागा होईल. मग सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, त्यानंतर सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के आणि पुढे अडकलेल्या कर्नलची पूर्ण आवृत्ती, आणि शेवटी अपडेट-ग्रब. ग्रब.सीएफजीमध्ये त्या नोंदीखाली इनिटआरडीची ओळ आली का ते बघूनच रीस्टार्ट करा.

'बॅड शिम सिग्नेचर' हा संदेश वेगळा. त्याचा अर्थ सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेला कर्नल सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे आणि बाहेरून आणलेल्या किंवा स्वतः बांधलेल्या कर्नलवर मान्य सही नाही. वितरणाचाच कर्नल वापरा, नाहीतर स्वतःची चावी मॉकयूटिलने नोंदवून कर्नलवर सही करा.

मेनू नेमका कोणाचा

एकाच मशीनवर उबंटू आणि फेडोरा (लिनक्सचंच दुसरं वितरण) असतील तर दोघांचे ग्रब वेगवेगळे असतात, आणि सुरुवातीला त्यातला एकच पुढे येतो. उबंटूत कितीही बदल केले आणि मेनू फेडोराचा येत असेल तर काहीच फरक दिसणार नाही. ईएफआय-बूट-एमजीआर (मध्ये रेघ न देता, एकच शब्द) ही कमांड 'बूटकरंट' आणि 'बूटऑर्डर' दाखवते. आत्ता कोणाचा ग्रब चालला ते त्यातून कळतं. क्रम -ओ ने बदलता येतो.

२०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टम शोधणारा ओएस-प्रोबर मूळ रूपात बंद असतो. 'विंडोज मेनूतून गेलं' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा यात असतं; ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स लिहा आणि अपडेट-ग्रब चालवा. पण दुसऱ्या लिनक्ससाठी ओएस-प्रोबरवर विसंबू नका. तो त्या सिस्टमचे त्या दिवशीचे कर्नल आपल्या मेनूत उतरवून घेतो. तिकडे अपडेट झालं की इकडची यादी शिळी होते आणि काढून टाकलेल्या कर्नलकडे बोट दाखवत राहते. त्याऐवजी /इटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम मध्ये एक नोंद करून चेनलोडरने, म्हणजे पुढचं काम दुसऱ्या बूट प्रोग्रामवर सोपवून, थेट फेडोराच्या शिमएक्स६४.ईएफआय फाइलीकडे पाठवा. ती ईएफआय पार्टिशनवर फेडोराच्या फोल्डरात असते. मग कर्नल कुठला, हे फेडोराचा स्वतःचा ग्रब ठरवेल.

फेडोरावर वरचं बरंच काही लागू होत नाही. तिथे फेडोरा ३० पासून प्रत्येक कर्नलची नोंद /बूट/लोडर/एंट्रीज मध्ये स्वतंत्र फाइलीत असते. डिफॉल्ट बदलायला ग्रबी --सेट-डिफॉल्ट ला /बूटमधल्या कर्नल फाइलीचा पूर्ण पत्ता द्या. आणि नव्या कर्नलने तो परत बदलू नये म्हणून /इटीसी/सिसकॉन्फिग/कर्नल मध्ये अपडेटडिफॉल्ट=नो करा; नो नसेल तर तीच ओळ सगळा घोळ घालते. डीएनएफ, म्हणजे फेडोराचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम, तीनच कर्नल ठेवतो. हवा तो चौथा होऊन निघून जाऊ नये म्हणून डीएनएफ.कॉन्फ मधली इन्स्टॉलओन्ली_लिमिट (हे नाव मात्र स्मॉलमध्येच) ५ करा, पण त्याआधी /बूटमध्ये तेवढी जागा आहे ना ते बघा.